व्याह्यांनी सोडलेला मासा

आक-तेरेक
१३ सप्टेंबर

तीर्थस्वरूप बाइमुरात दाजी,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा (जो तुमच्या मते एकानेच जास्त आहे) लवून सलाम. तुमचा रक्तदाब कसा आहे? तुरसूनताईच्या डाव्या खांद्याला आराम पडला का? करडी घोडी व्याली का? तलासला यंदा घेवडा झकास आलाय असं ऐकतो. म्हणजे काढणीच्या दिवसांत तुमची कंबर मोडणार, आणि ती मोडली की तुम्ही ताईवर चिडणार, तेव्हा आधीच सांगून ठेवतो की ताईचा भाऊ अजून जिवंत आहे. घरातल्या प्रत्येकाची नाव घेऊन विचारपूस करत बसलो तर कागद इथेच संपेल, म्हणून सगळ्यांच्या गालांचे मुके एकदम घेतले असं समजा. (तुमचा गाल सोडून. दाढी टोचते.)

आता, फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो असं तुम्ही म्हणाल. कारण असं की फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी ‘बरं, मग?’ असं विचारता, आणि मी त्या ‘मग’च्या मागे धावत सुटतो. मधलं सगळं राहून जातं. आणि मला जे सांगायचंय ते सगळं मधलंच आहे.

दाजी, मी नदीचा राखणदार झालोय. हसून घ्या, मी थांबतो. गावाने गेल्या वर्षी ठराव केला की पुलापासून सरोवराच्या तोंडापर्यंत ट्राउट मासळी पकडायची ती फक्त सोडून देण्यासाठी. सभेत म्हातारे काल्मातायकाका उठून म्हणाले, “म्हणजे पाहुण्याला दारातून आत ओढायचं, घाम फुटेस्तोवर नाचवायचं आणि चहाचा घोटही न देता परत पाठवायचं? हे कुठल्या जातीचं आदरातिथ्य?” सगळे हसले. पण तुम्हाला आठवतं ना, आपण तरुण होतो तेव्हा शरदात सरोवरातून वर चढणाऱ्या मोठ्या ट्राउटनी पुलाखालचं पाणी काळं दिसायचं. गेल्या शरदात बिश्केकहून माशांचा अभ्यास करायला आलेल्या बेगिमायने तीन आठवडे पुलावर बसून मोजल्या, तर एकोणीस. एकोणीस, दाजी! आपण एका दुपारी तेवढ्या खाऊन ढेकर दिलेत. तिने सभेत तो आकडा सांगितला तेव्हा काल्मातायकाका खाली बसले. दुसरी गोष्टही तिने तिथेच सांगितली. सोडलेले मासे पुढे मरतात असं दिसलं, तर ती पुलाखालचा सगळा पट्टा बंद करायला सरकारला लिहून देणार. मग गळ टाकायला येणारे परदेशी पाहुणे बंद, आणि ज्या सात-आठ घरांनी त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या त्यांची चूलही बंद.

राखणदार म्हणून माझी निवड झाली ती माझ्या आकारामुळे. कोक-बोरूच्या खेळात, घोड्यांवरच्या ओढाताणीत, मेलेला बकरा एकदा माझ्या मांडीखाली आला की तो सोडवून घ्यायला चार घोडेस्वार लागायचे, हे अजून लोक सांगतात. अशा माणसाशी नदीकाठी कोण वाद घालणार? पण सभेच्या हे लक्षात आलं नाही की धरण्याबद्दल ज्याची कीर्ती आहे, त्याला आपण सोडण्याच्या कामावर नेमतोय. ते लक्षात आलं बेगिमायच्या, पहिल्याच दिवशी. पोर माझ्या कोपराएवढी, नाकावर चष्मा. मी एक लहानशी ट्राउट पाण्यातून काढून तिला दाखवली, तर ती म्हणाली, “काका, तुम्ही माशाला धरलेलं नाही, अटक केलीय.”

मग तिने मला शिकवलं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत दही भरायचं, पिशवी टपात सोडायची, आणि पाण्यातच ती दोन्ही तळव्यांवर तोलायची. पिशवी फुटली की मासा मेला. पहिल्या दिवशी माझ्या हातून अकरा मासे मेले. झूराकान (तुमची लाडकी, माझी बायको) दह्याने पांढरा झालेला टप बघून म्हणाली, “चाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढली, इतक्या हलक्या हाताने मला कधी शिवला नाहीस.” बेगिमाय लाजून गोठ्याकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी पिशवी शाबूत राहिली.

हे शिकताना एक गोष्ट कळली आणि ती मला लागली, दाजी. मी विचारलं होतं की हात आधी ओले कशाला करायचे, मासा ओला आहेच की. ती म्हणाली, माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत. कोरड्या हाताने धरलं, कोरड्या दगडावर ठेवलं, की तो थर पुसला जातो. मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं सोडला, वाचला. आठवड्याभरात तिथे बुरशी धरते आणि तो कुठेतरी तळाशी मरतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि तरुणपणी दया येऊन मी कितीतरी लहान मासे परत फेकले होते. (फेकलेच होते, हे कबूल करतो. लांबून. दगड फेकावा तसे.) इतकी वर्षं मला वाटत होतं की ते सगळे माझ्या खात्यावर जिवंत आहेत.

तर हा झाला राखणदार. आता पाहुणा.

आमची आयझिरेक ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते तो मुलगा चांगला आहे, कराकोलच्या शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्यात एकच खोट आहे, ती म्हणजे त्याचा बाप. कोच्कोरचा एसेनगेल्दी. हो, तोच. तुम्ही एकोणनव्वद साली कोच्कोरच्या मैदानावर हजर होतात, त्यामुळे तुम्हाला सांगायला नको, पण ताईला पत्र वाचून दाखवाल म्हणून सांगतो: मी आणि एसेनगेल्दीने एकाच वेळी बकरा धरला. घोडी थकली, पंच थकले, बघे जेवून आले, आम्ही सोडेना. शेवटी बकऱ्याचेच दोन भाग झाले आणि आम्ही दोघांनी आपापला भाग डोक्यावर नाचवत आपणच जिंकलो म्हणून जाहीर केलं. त्यानंतर पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. लग्नसमारंभात समोरासमोर आलो तर दोघंही घोड्यांबद्दल तिसऱ्याच माणसाशी बोलायला लागायचो.

हा माणूस दोन तारखेला बायकोसकट मुलगी बघायला आमच्या घरी आला. नवीन पांढरी कल्पाक टोपी, मखमली कोट, पोट माझ्यापेक्षा चार बोटं पुढे. झूराकानने मेंढा कापला होता, सकाळपासून तीन घरच्या बायका कणकेचे बोर्सोक तळत होत्या. आयझिरेकने मला अंगणात गाठून सांगितलं, “बाबा, बकऱ्याचा विषय काढायचा नाही.” मी काढला नाही. त्यानेही काढला नाही. आम्ही इतकं काही काढलं नाही की पाऊण तास खोलीत नुसता चहा ओतल्याचा आवाज होता. शेवटी त्याचा मुलगा घाबरून म्हणाला, “बाबा, जुमागाझीकाका नदीचे राखणदार आहेत. तुम्हाला गळ टाकायचाय का?”

एसेनगेल्दीला गळ टाकायचा होता. (त्याला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, आणि मलाही.) बेगिमाय त्या दिवशी कराकोलला गेलेली. मी पक्कडीने त्याच्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. तो म्हणाला, “दात काढलेल्या कुत्र्याबरोबर शिकारीला पाठवतोस होय?” मी म्हणालो, इथे असंच आहे. पाणी थंडगार होतं, वर डोंगरावर आदल्या रात्री बर्फ पडलेलं. काठावर झूराकान चहाची किटली घेऊन आली, तिच्या मागे विहीणबाई.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला त्याची काठी वाकली, दाजी, आणि वाकतच गेली.

मी आयुष्यभर या नदीवर आहे. मला वाटलं, गळ बुडालेल्या ओंडक्यात अडकला. मग ओंडका वरच्या अंगाला चालू लागला. एसेनगेल्दीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला मी ओरडून सांगितलं, लवकर आण, जितकी दमेल तितकी वाचण्याची आशा कमी. पण तो आता नदीवर नव्हताच, तो कोच्कोरच्या मैदानावर होता. दोरी सोडायचा, ओढायचा, काठावरच्या बायकांकडे बघायचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. प्रत्येक मिनिटाला मला वाटत होतं, कोणीतरी माझ्या छातीतून पाणी उपसतंय.

शेवटी ती उथळ पाण्यात आडवी आली. दाजी, आता हे सावकाश वाचा. माझ्या खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांब. पाठ ओल्या खडकासारखी काळसर, खाली बाजूंना चांदी, त्या चांदीवर काळे ठिपके आणि मधूनच लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, जसं कोणी फुरसतीने बसून काढावं. पोट गाभोळीने भरलेलं. नदीत वर चढून अंडी घालायला आलेली थोराड मादी. तिने माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार नाही, माशाच्या डोळ्याला कुठे बघतोय ते सांगता येत नाही. पण मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही.

“आज रात्री सगळं गाव खाईल,” एसेनगेल्दी म्हणाला आणि कोटासकट पाण्यात उतरला. मी म्हणालो, “इथे सोडतात.” तो म्हणाला, “तुमचे परदेशी सोडत असतील. मी व्याही आहे. व्याह्याच्या तोंडातला घास काढणारं घर मी आजवर पाहिलं नाही.” काठावर विहीणबाई होत्या. माझी मुलगी नदीसमोरच्या आमच्या घराच्या दारातून बघत असणार हे मला न बघताही कळत होतं. आणि त्याने दोन्ही कोरड्या हातांनी तिला कल्ल्यांमागे धरलं.

मीही धरलं. त्याची मनगटं धरली, आणि मग नक्की काय धरलं ते मला सांगता येणार नाही, बोटांनी आपोआप जागा शोधली. पस्तीस वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा एकमेकांच्या तोंडासमोर तोंड आणून फुसफुसत उभे, आणि मध्ये ओढाताणीची गोष्ट. तो म्हणाला, “सोड.” मी म्हणालो, “तू सोड.” आणि तेवढ्यात माझ्या अंगठ्याखाली तिचं अंग मऊ लागलं. दह्याच्या पिशवीसारखं, दाजी. फुटायच्या आधी जसं लागतं तसं.

मी सोडलं.

एसेनगेल्दी मागे कलंडला, गुडघ्यांवर आला, त्याची नवी टोपी पाण्यात पडून सरोवराच्या दिशेने निघाली. त्याने तिकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता. आणि मग हातांतल्या माशाकडे. तिचे कल्ले हलत नव्हते.

“जुमागाझी,” तो म्हणाला, आणि आवाज अगदी वेगळा होता, “ही हलत नाहीये रे.”

“हात ओले आहेत आता?”

“आहेत. छातीपर्यंत ओला आहे मी.”

“मग तिला पाण्याखालीच ठेव. वर काढू नकोस. तोंड प्रवाहाकडे. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. दाबायचं नाही. नुसतं खाली असायचं.”

मी शेजारी गुडघे टेकून बोटांनीच तिच्या जबड्यातला गळ काढला. सपाट काटा, लगेच निघाला. तो म्हणाला, “मागेपुढे हलवू का? पाणी जाईल आत.” मी म्हणालो, “नको. मागे ओढलंस तर कल्ल्यांत उलटं पाणी शिरतं. नदी करेल. तू फक्त धरू नकोस.” तो म्हणाला, “धरू नको तर हातात कशी राहील?” मी माझा तळवा त्याच्या तळव्याखाली ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून सैल केली. (हे वाचून तुम्ही जे म्हणणार आहात ते म्हणू नका.)

किती वेळ गेला कोण जाणे. झूराकान म्हणते वीस मिनिटं. माझे पाय आधी दुखले, मग नाहीसे झाले. एकदा एसेनगेल्दी कुजबुजला, “माझ्या हाताला काहीतरी टकटक लागतंय.” मी म्हणालो, तिचं काळीज. तो म्हणाला, “छे, माझीच नाडी असेल.” मग आम्ही दोघंही ऐकत राहिलो, हातांनी. दोन ठोके होते, दाजी. एक त्याचा, घाईतला. आणि खाली दुसरा, सावकाश.

मग एक कल्ला उघडला. मिटला. खूप वेळाने पुन्हा. आतलं लाल दिसलं, इतकं लाल मी डाळिंबातही पाहिलेलं नाही. मग दोन्ही कल्ले, मग बाजूचे पर पंख्यासारखे पसरले, आणि तिने स्वतःला सरळ केलं, आमच्या मदतीशिवाय. पोट आमच्या तळव्यांवरून उचललं गेलं. घोडा उडी घेण्याआधी मांड्यांखाली एक क्षण सगळा गोळा होतो ना, तसं मला तिच्या शेपटीत लागलं. मी घोडे ओळखतो. त्या थंड, मुक्या अंगात एवढं सगळं भरलेलं असेल हे साठ वर्षं मासे खाऊन मला माहीत नव्हतं.

आणि ती गेली नाही! हातांतून निघाली, आम्ही हळूच उठून उभे राहिलो, तर ती एसेनगेल्दीच्या दोन पायांच्या मधोमध, आडोशाच्या शांत पाण्यात जाऊन थांबली. तिथेच श्वास घेत राहिली. तो पुतळ्यासारखा उभा. थोड्या वेळाने ओठ न हलवता म्हणाला, “मला मांडीला खाज सुटलीय. हलू का?” मी म्हणालो, “खबरदार.” तो हलला नाही. कोच्कोरचा एसेनगेल्दी, ज्याच्यावर पंचांचाही आवाज चालत नसे, एका माशासाठी खाज सोसत उभा राहिला, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते नदीचं नव्हतं. मग एका क्षणी त्याच्या पायांमध्ये नुसते गोटे होते. जाताना आम्हाला दिसलीही नाही.

घरी आल्यावर झूराकानने दोघांना रजयांत गुंडाळून चुलीजवळ बसवलं. मेंढ्याचं मानाचं डोकं पाहुण्यापुढे ठेवलं, आणि त्यातला कान मीच कापून दिला. मग तो म्हणाला, “तू सोडलंस.” मी म्हणालो, हो. “मुद्दाम?” हो. “मग मी जिंकलो नाही.” नाही. “आणि तूही नाही.” मीही नाही. आणि तो इतका हसला की विहीणबाईंच्या हातातला चहा सांडला. त्यानंतर विहीणबाईंनी स्वतःच्या पिशवीतून डबी काढून आयझिरेकच्या कानांत कर्णफुलं घातली, म्हणजे सोयरीक पक्की. मी डोळे पुसत होतो ते धुरामुळे.

दुसऱ्या दिवशी बेगिमायला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावेल. तिने एवढंच विचारलं, “पाण्याबाहेर किती वेळ होती?” मी म्हणालो, एकदाही नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि वहीत काहीतरी लिहून पुलावर निघून गेली. तीन दिवसांनी घरी येऊन सांगितलं की वरच्या अंगाला, खडीच्या उथळ पट्ट्यावर, एक खूप मोठी मादी अंड्यांसाठी गोट्यांमध्ये जागा साफ करताना दिसली. तीच असेल असं तिने म्हटलं नाही, ती शिकलेली मुलगी आहे. मी मात्र शिकलेला नाही.

दाजी, हे एवढंच सांगायचं होतं. दुसरं काही कारण नाही. ताईला माझा नमस्कार, घेवड्याला चांगलं ऊन आणि तुम्हाला चांगली झोप लाभो.

तुमचा,
जुमागाझी

ता.क. लग्न ऑक्टोबरच्या शेवटी. तुमची खुर्ची माझ्या उजव्या हाताला. त्या दिवशी तुम्ही कोच्कोरच्या सामन्याचा निकाल काय लागला ते सांगू नये ही विनंती. (तुम्ही कोणाच्या बाजूने ओरडत होतात तेही मला माहीत आहे.)

ता.क. दुसरा. वर लिहिलं की दुसरं काही कारण नाही, ते पूर्ण खरं नाही. एसेनगेल्दी गेला नाही, दाजी. विहीणबाई तिसऱ्या दिवशी कोच्कोरला परतल्या, हा मात्र इथेच आहे. रोज पहाटे चहाच्या आधी नदीत जाऊन उभा राहतो. आल्यागेल्याला हात ओले करायला लावतो. काल एका जर्मन पाहुण्याने माशाबरोबर फोटो काढायला मासा वर उचलला, तर याने स्वतःचा श्वास रोखून धरला आणि म्हणाला, “मी आहे तोवर तो बाहेर, मी गुदमरलो की तो आत.” जर्मनाला एक अक्षर कळलं नाही, पण याचा चेहरा निळा झाल्यावर त्याने मासा सोडला. गावकरी आता माझ्याऐवजी त्यालाच विचारायला जातात. राखणदार मी आहे! तेव्हा कृपा करून त्याला घेवड्याच्या काढणीला बोलावून घ्या. अंगात ताकद आहे, बोलत राहतो पण काम करतो. महिनाभर ठेवा. तुमची कंबरही वाचेल. पण मी लिहिलं असं सांगू नका.

ता.क. तिसरा. मी झूराकान. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. दाजी, तुमचा जुमागाझीही रोज त्याच्या शेजारीच उभा असतो, हे त्याने लिहिलेलं दिसत नाही. दोघंही खोकतात. तलासला न्यायचं असेल तर दोघांनाही न्या, नाहीतर एकालाही नको, तोडलेत तर मला दोन्हीकडून ऐकावं लागेल. आणि माशाचं म्हणाल तर त्याने खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत असं लिहिलंय. मी काठावर किटली घेऊन उभी होते, मी नीट बघितलंय. खोटं आहे ते. त्याहून मोठी होती.